मापाड्याचा मोर्चा

केजच्या मोंढ्यातला तो मापाडी माणसालाही पोत्यासारखं तोलून बघायचा. त्याची टाच चिघळली होती. गावात डिश अँटेना आला, दवाखान्यात डॉक्टर नाही! डॉक्टरसाठी तहसीलवर चालत मोर्चा ठरला, तेव्हा त्यानं सराव मांडला. टाचेवर भार नको म्हणून काखेत चऱ्हाट घालून तो वजनकाट्याच्या आकड्याला निम्मा लटकायचा आणि धान्याच्या सरकत्या पट्ट्यावर पळायचा.

"मामा, पळता कावून?" एका हमालानं विचारलं.

"पोलिसानं काठी उगारली तर?" पट्ट्यावरच्या धुळीत उमटलेले पाय दाखवत तो म्हणाला, "बघ, बोटं उठत्यात, टाच लई कमी."

मोर्चाच्या दिवशी दोन हमालांनी त्याला बांबूला बांधून खांद्यावर घेतलं. तो खेकसला, "निम्मंच उचला बे! समदंच उचललं, तर मी चालत आलो हे तहसीलदार मानंल का?"