रिबकाबायचा एक नवस

पेणच्या रिबकाबाय लग्न होऊन रोह्याला आल्या, त्याला सत्तर वर्षं झाली होती. घरात कुणाचं काही अडलं, की त्या बेने इस्रायली ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे एलियाहू हनाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलायच्या. काम झालं, की भिजवलेल्या पोह्यांत साखर आणि ओलं खोबरं कालवायचं, ताटात फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्या आळीला वाटायचं. थोरल्याची दहावी, धाकट्याची कंपनीतली नोकरी, नात शीराची बारावी, इंजिनिअरिंग आणि पुण्यातली नोकरी, सगळं त्यांनी असंच पार पाडून घेतलं. स्वतःसाठी मात्र कधी काही मागितलं नाही, असं घरात सगळे म्हणत.

ब्याण्णवाव्या वर्षी त्या दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. घरात कुणी नव्हतं आणि शीरा पुण्यात होती. आजीने आपल्याला हाक मारली असेल, हे महिनाभर तिच्या मनातून जाईना.

मग एकदा ती रोह्याला आली असताना शेजारच्या कुमुदकाकू आल्या. "मलिदा कधी करतेस गो?"

"कसला, काकू?"

"रिबकाबायने बोललेला. 'पोरांना रजा टाकायला न लावता झोपेतच ने, मलिदा करीन,' म्हणायची."

"गेल्यावर कसा करणार होती?"

"मी पण तेच इचारलं. तर म्हणते, 'शीरा हाय की! तिचे तीन नवस मी फेडले, तिने माझा एक फेडायला नको?'"

शीराला रडता रडता हसू फुटलं. आजीला हवं तसंच झालं होतं.

"काकू," डोळे पुसत तिने विचारलं, "पोहे जाडे घ्यायचे की पातळ?"