मिस्त्रीणवहिनींची मोटर

“दिसत नाई भाऊ, पण ढकलते,” असं म्हणताना मिस्त्रीणवहिनी एक बोट हवेत हलकेच पुढे सारायच्या. झोपलेल्या लेकराला न उठवता बाजूला सरकवावं, तसं.

पांढुर्ण्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून, त्यांचे यजमान तिथेच मोटरमिस्त्री. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरावी ती मिस्त्रींनीच, असं सारं गाव म्हणायचं. पुढे लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, जीभही जड झाली. तरी घरी येणारे पंखे, पंप दुरुस्त होऊन जातच राहिले. मिस्त्री आता डाव्या हातानं करत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

एका दुपारी निरोप द्यायला गेलो, तर मिस्त्री खाटेवर पडलेले आणि वहिनी मांडीशी उघडा पंप घेऊन तांब्याची तार भरत बसलेल्या. मी जरा गोंधळलो. काहीतरी बोलायचं म्हणून मॅट्रिकला घोकलेला नियम ऐटीत सांगितला: चुंबक, वीज आणि डाव्या हाताची तीन बोटं.

वहिनींनी ऐकून घेतलं. “गुरुजीनं बोटं दाखवली. तार नाई दाखवली?”

मग त्यांनी घोड्याच्या नालाच्या आकाराचं एक जुनं चुंबक काढलं. त्याच्या दोन टोकांमध्ये तार सैल टांगली आणि तिची तोंडं बॅटरीच्या सेलला टेकवली. तार टुणकन बाहेर उडाली. तोंडं उलटी लावली, तेव्हा आत गेली. वारा नव्हता, कुणाचा हात नव्हता. मी त्यांना सात-आठ वेळा तेच करायला लावलं. अंगावर काटा आला होता. तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण कधी समोर पाहा.

“मोटरीत हेच होऊन राहिलं,” त्या म्हणाल्या. “पण कोणाले सांगू नका. लोकं मिस्त्रीच्या नावानं येतेत.” मी शब्द दिला.

ज्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, त्याच महिन्यात जिनाची मोठी मोटर जळाली. कापसाच्या गाड्या फाटकापासून रस्त्यापर्यंत उभ्या. नागपूरच्या मिस्त्रीनं दहा दिवसांनी येतो म्हणून कळवलं. मॅनेजरसाहेब मला घेऊन वहिनींच्या दारात आले.

“मिस्त्रीले खाटेसकट नेऊ,” ते म्हणाले. “ते सांगतीन तसं कोणी तरी करीन.”

“ते सांगू नाई शकत,” वहिनी म्हणाल्या. “मी भरून देते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. वहिनींना शब्द दिला होता हे खरं, पण त्याहून जास्त मला नोकरीची धास्ती होती. उद्या मोटर बिघडली तर? तेवढ्यात खाटेवरून मिस्त्रींनी डावा हात कष्टानं उचलला आणि बायकोकडे दाखवला. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

“साहेब, तीन वर्षांपासून वहिनीच करून राहिल्या.”

तीन दिवस त्या मोटरीजवळ पोत्यावर बसून होत्या. चौथ्या सकाळी खटका दाबला. मोटर गुरगुरली, थरथरली, पण फिरेना. लगेच बंद केली. कामावरच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं.

“घंटाभर द्या,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मोटर पुन्हा उघडली, भरलेल्या तारांत सेलची वीज सोडली आणि आतून होकायंत्र हळूहळू फिरवत नेलं. सुई दर टप्प्याला तोंड फिरवत होती. एके ठिकाणी मात्र फिरायला हवी तिथे फिरली नाही.

“इथं उलटी जोडली मी,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. दोन टोकांची अदलाबदल केली, पट्टी गुंडाळली.

या वेळी मोटर एकदा हिसकली आणि फिरू लागली. पट्टा धावला, पाठोपाठ सगळी यंत्रं. मी वहिनींकडे पाहिलं. इतक्या मोटरी भरलेली ती बाई, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी फिरत्या आसाकडे पाहत होती. किती तरी वेळ त्यांनी पापणी लववली नाही.

त्यानंतर कामं त्यांच्याच नावानं येऊ लागली. दोन वर्षांनी मिस्त्री वारले. पुढे वहिनींची नजर अधू झाली, तेव्हा बोरगावला दिलेली लेक त्यांना न्यायला आली.

बैलगाडी जिनासमोरून निघाली. केसांत रुई अडकलेल्या बाया एकेक करून बाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. कामाचा भोंगा झाला. कुणी आत गेलं नाही. साहेब फाटकात उभे होते. त्यांनीही कुणाला आत जा म्हटलं नाही.