तोंडी परीक्षेचे दोन गुण

"पाणी म्हण."

"पानी."

"जीभ टाळूला लाव. ण. पा-णी."

"पानी."

वर्ग हसला. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "ही म्हणे डाक्टरीन होणार."

मग छप्पर उडेल इतका वर्ग हसला.

मी उभीच होते. हातात मराठीचं पुस्तक होतं. मला बस म्हटलं नव्हतं. पुढच्या मुलाला बोलावलं, त्याच्या पुढच्याला बोलावलं, मी उभीच. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा बसले.

मॅट्रिकच्या वर्षाची ती तोंडी परीक्षा. वीस गुणांची. त्याआधी आमच्या शाळेत तोंडी परीक्षा कधी झाली नव्हती. त्या वर्षी झाली.

आमचं घर उमेळ्याच्या खाली, मिठागरांच्या कडेला. बापूस मिठागरावर मजूर. लांब दांड्याची फळी घेऊन उन्हात मीठ ओढायचा. आयही जायची, डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहायला. आमच्या घरात 'ण' नव्हता. पानी, लोनी, कोन, आनि. तेच बोलत मी मोठी झाले, तेच बोलत पाढे म्हटले, तेच बोलत भूमिती शिकले. भूमितीला त्यानं काही अडत नव्हतं.

शाळा गावात होती. मुलं बहुतेक वाडीवाल्यांची. केळीच्या, पानवेलीच्या बागा असलेली घरं. काही ख्रिस्ती घरांतली. गंमत अशी, की घरी गेल्यावर त्यांचीही बोली वेगळीच. त्यांच्या आज्या बोलल्या तर हेडमास्तरांना निम्मं कळलं नसतं. पण ती पोरं शाळेच्या फाटकात बोली सोडून आत यायची. मला ते जमलं नाही. वर्गात आम्ही मुली दोनच होतो. दुसरीचं मध्येच लग्न ठरलं, ती गेली. मग बाकावर मी एकटी. डबा एकटीनं खायचा, एकटीनं घरी जायचं. दिवसभरात माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं, म्हणून मी अभ्यास करायचे. लोक म्हणतात, पोरगी जिद्दीची होती. जिद्द नव्हती. दुसरं काहीच नव्हतं.

पूर्वपरीक्षेचे लेखी पेपर हातात मिळाले. मी बेरीज केली. मधूनंही केली. मधू वाडीवाल्यांचा, हुशार, नेहमी पहिला-दुसरा. त्याच्यापेक्षा माझे अकरा गुण जास्त होते. त्यानं माझा कागद पाहिला आणि परत दिला.

मग प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी क्रमांक वाचले. पहिला मधू. दुसरा आणखी एक वाडीवाल्याचा मुलगा. तिसरी मी.

तोंडी परीक्षेत मला वीसपैकी दोन होते. सगळ्या वर्गात पंधराच्या खाली दुसरं कोणी नव्हतं.

हे दोन गुण नुसते पाटीवर राहिले असते, तर मी विसरले असते. पण मुंबईच्या एका कॉलेजात मला सायन्सला जायचं होतं. तिथूनच पुढे डॉक्टरीची वाट होती. जागा थोड्या. बाहेरगावच्या शाळेतल्या पहिल्या दोघांचेच अर्ज ते घेत. अर्जावर एक चौकट छापलेली होती: वर्गातील क्रमांक. खाली मुख्याध्यापकांची सही. बोर्डाच्या परीक्षेत कितीही गुण मिळवा, त्या चौकटीत तीनचा आकडा आला की अर्ज बाद.

मी शाळेच्या कमिटीला पत्र लिहिलं. शुद्ध मराठीत. लिहिताना माझा एकही 'ण' चुकत नव्हता. 'तोंडी परीक्षेचे गुण कोणत्या नियमाने दिले, ते कळावे.' एवढंच. उत्तर आलं नाही.

जूनमध्ये बोर्डाचा निकाल लागला. शाळेत सगळ्यांत जास्त गुण माझे. मी अर्ज घेऊन सहीसाठी गेले. हेडमास्तर म्हणाले, "उद्या बापाला घेऊन ये."

बापूस आला. विहिरीवर पाय घासून धुतले होते त्यानं. तरी भेगांतलं मीठ जात नाही. ते पांढरं राहतंच. हेडमास्तरांनी त्याच्या पायांकडे बघितलं.

"तू दाराबाहेरच उभा राहा."

बापूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला. हात जोडून.

हेडमास्तर मला म्हणाले, "पहिला नंबर म्हणजे शाळेचं तोंड. तुझं तोंड कसं आहे ते सगळ्या वर्गानं ऐकलंय." मग आवाज मऊ केला. "तरी मी दुष्ट नाही. दुसरा क्रमांक लिहून देतो. दुसऱ्याला कॉलेजात जायचंच नाही, तो बाग बघणार आहे. तू फक्त लिहून दे, की कमिटीकडे केलेली तक्रार खोटी होती आणि तू माफी मागतेस."

कोरा कागद पुढे सरकवला. टाक दौतीत बुडवून माझ्या हातात दिला.

बाहेरून बापूस म्हणाला, "लिव गो पोरी. दोन वली त हायेत."

तो माझं भलंच बघत होता. जन्मभर त्यानं असंच भलं मिळवलं होतं, मान खाली घालून. मला त्याचा राग आला नाही. पण त्या क्षणी माझ्या बाजूला कोणीही उभं नाही, हे मला लख्ख कळलं. हेडमास्तर समोर, बापूस बाहेर, आणि मी मधेच, टाक धरून.

दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी डॉक्टर झाले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. कोणी असं म्हणू नये, की पोरीला कळलं नाही.

मी लिहिलं: 'तक्रार खरी होती. मी पहिली आले होते.' खाली सही केली. कागद परत सरकवला.

हेडमास्तरांनी वाचलं. अर्ज ओढून घेतला, चौकटीत तीन लिहिले, सही ठोकली. अर्ज माझ्यापुढे टाकला.

बापूस सगळ्या वाटेनं माझ्या पुढे चालला. घर येईपर्यंत त्यानं मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी मधू सायकलवरून आमच्या वस्तीपर्यंत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाली उतरला, पण सायकलचं हँडल सोडलं नाही.

"नंबर तुझाच होता," तो म्हणाला.

"मग उद्या हेडमास्तरांना सांग."

तो हँडलची घंटा अंगठ्यानं चोळत राहिला. वाजवली नाही. "घरी बाबा सांगू द्यायचे नाहीत गं."

"मग मला कशाला सांगतोस?"

तो गेला. कॉलेजात गेला. अर्ज मीही पाठवला होता. तो टपालानं परत आला, एका छापील ओळीसह.

मी चांदीपच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. तिथे सभोवार भातशेती, एक खोली, एक चूल. बोलायला सुरुवातीला कोणीच नव्हतं, पण त्याची मला सवय होती. वर्षभरानं बापूस भेटायला आला. तांदळाचं पीठ घेऊन आला. त्या कागदाबद्दल तो बोलला नाही, मीही नाही.

आय म्हणायची, नशिबात नव्हतं. शेजारपाजार म्हणायचा, नशिबात नव्हतं. मी त्यांना सांगायचे, नशिबाला टाक धरता येत नाही. एका माणसानं दिवसाढवळ्या, शाईनं लिहिलंय ते.

गेल्या महिन्यात शाळेचं पत्र आलं. शाळेचा मोठा समारंभ आहे. गुणी माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे. बोर्डात चांगले गुण मिळवलेल्यांत माझंही नाव आहे, मिठागरातल्या मजुराची मुलगी म्हणून. नारळ, शाल. हेडमास्तरांच्याच हस्ते. ते आता कमिटीवर आहेत.

इथल्या बायका म्हणाल्या, जा की. जुनं झालं. म्हातारा माणूस आहे.

मी पोस्टाचं कार्ड घेतलं आणि लिहिलं:

'माझ्या मॅट्रिकच्या वर्षाचं क्रमांकांचं रजिस्टर शाळेत आहे. त्यात तिसऱ्या जागी माझं नाव आहे. ते खोडून पहिल्या जागी लिहावं, आणि का खोडलं ते समारंभात सर्वांसमोर वाचावं. तसं झालं तर येईन. शाल नको. नारळ नको.'

उत्तर आलेलं नाही. समारंभ झाला. मी गेले नाही.

दुसरं कार्ड काल टाकलं. तेच शब्द. उत्तर येईपर्यंत दर महिन्याला टाकणार आहे.