दुसरी क्लिप

क्लिपताई हे नाव मीच पाडलं. आमच्या सीटी स्कॅनच्या खोलीत ती तेवीस वर्षं आहे, मी तिचा मदतनीस. चाकू लागलेला पेशंट आला की जखमेशेजारी कागदाला लावायची साधी क्लिप चिकटपट्टीने लावायची आणि मगच स्कॅन करायचा, ही तिची रीत. चित्रात क्लिप पांढरीफेक दिसते. त्यावरून चाकू कुठून शिरला, कुठवर गेला हे डॉक्टरांना कळतं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या दुपारी भांडण सोडवायला गेलेला एक शिंपी आला. पोटावर एक घाव. ताईने क्लिप लावली.

"ताई, पाठ फार दुखतेय हो."

"अहो, हे टेबलच मेलं दगडासारखं. सगळ्यांचीच दुखते. जरा कळ काढा."

रोज वीसदा म्हणतो आम्ही हे. शर्ट पाठीला चिकटला होता. पुढचंच रक्त ओघळलं असेल, असं आम्ही दोघेही धरून चाललो. आधी अपघात विभागात तपासणाऱ्यांनीही घाईत पाठ पाहिली नव्हती, पण कुशीवर वळवायला आम्हाला असा किती वेळ लागला असता?

क्लिपच्या आसपास आत काही इजा नव्हती. डॉक्टरांनी तेवढंच बारकाईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याला ताप भरला, पोट फळीसारखं ताठ झालं. कमरेमागे बोटभर घाव निघाला, आत आतडं फाटलेलं. ऑपरेशन होऊन जीव वाचला. पण पोटाला शौचाची पिशवी आली, काही महिने तरी.

ताईने डबा उघडलाच नाही. "सांगून टाकू का रे?" तिने विचारलं.

"गप्प बस. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?" मी म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याने ती वॉर्डात गेली, मी मागोमाग. तिने रडत सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे मला," शिंपी म्हणाला. "सकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, पाठीचं कुणाला बोलला होतात का. मी नाही म्हटलं. म्हणाले, मग चूक तुमचीच. असू दे. तुमच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

ताईने डोळे पुसले आणि तरातरा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"साहेब, तो खोटं बोललाय. त्याने सांगितलं होतं. मला."

मी दाराबाहेरच होतो. 'मला नाही, आम्हाला' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.