डाव्या हाताच्या कळा

“माझी बोटं खोटं बोलत नाहीत, मशीनच्या कळा बोलतात,” असं सीमा गमरे एकदा म्हणाली होती. तिची भाची मनवा तेव्हा शाळेत होती, आणि आत्याच्या तोंडून आलेलं सगळंच तिला खरं वाटायचं.

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत बसून सीमाआत्याने उभा जन्म लोकांची पुस्तकं टाइप केली. लेखक बहुतेक म्हातारे. कुणाचं अक्षर लागत नसे, मग ती मशीन घेऊन त्याच्या घरी जायची. तो सांगायचा, ती टाइप करायची. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्याआधी तिला मान वर करायला फुरसत नसे. तिने लग्न केलं नाही, आणि कुणावर विश्वास टाकायची सवयही लावून घेतली नाही. लालबागच्या बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघायची, पोटावर बोट दाबायची, आणि तरी विचारायची, “कालचं नाय ना गं?” लॅपटॉप दुरुस्तीला देताना प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायची. ठिपके जसेच्या तसे परत आले तेव्हा म्हणाली, “त्याच्याकडे हाच रंग असणार.”

यंदा प्रुफं लाल शाईने भरून आली. काने, मात्रा, वेलांट्या जागोजाग गळालेल्या. आत्याच्या कीबोर्डवर ही सगळी चिन्हं डाव्या हाताखाली येतात. प्रकाशक आवाज न चढवता म्हणाला, “सीमाताई, पुढचा भाग असाच आला तर मला दुसरीकडे द्यावा लागेल.” गणपतीपासून तिने दोन कीबोर्ड बदलले होते. दोन्ही, तिच्या मते, अक्षरं खाणारे.

“गेमिंगचा लॅपटॉप बघू,” मनवा म्हणाली. “कळा खोल असतात, बॉडी पण मजबूत.”

“म्हणजे मी आता बंदुका उडवू?”

“बंदुका पोरं उडवतात. तू टाइप कर.”

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना टॅक्सीत आत्याचा डावा हात सारा वेळ पदराखाली होता. मनवाने ते पाहिलं. हल्ली आत्या चहाचा कपही दोन्ही हातांनी धरते, हेही तिने पाहिलं होतं.

दुकानदार राकेशने काउंटरवर तीन लॅपटॉप मांडले. आत्याने पहिल्याच्या झाकणावर अंगठा दाबला. झाकण आत गेलं.

“शिळा,” ती म्हणाली.

दुसरा सगळा धातूचा, दाबून हलेना, पण कळा इतक्या उथळ की दाबल्या की नाही तेच कळेना. तिसरा जाड होता, मनगट टेकायला ऐसपैस जागा होती, आणि कळा बोटाखाली नीट खाली जाऊन वर यायच्या. आत्याने तिची नेहमीची एक ओळ टाइप केली. ओळीत चार ठिकाणी काना नव्हता.

“हा डिस्प्लेचा पीस ना?” ती म्हणाली. “पोरांनी बडवून बडवून डावी बाजू मारली याची.”

“गेममध्ये लेफ्ट हँडच जास्त चालतो, ताई,” राकेश म्हणाला. “सीलपॅक काढतो ना.”

सील तिने नखाने खरवडून पाहिलं. नव्या लॅपटॉपवर तीच ओळ टाइप केली. या वेळी काने कमी गळाले. तिचा चेहरा उजळला आणि लगेच आवळला. “पॅक करताना हा ठेवून तो दिलास तर?”

“ताई, तुमच्या समोर पॅक करतो.”

“समोरच तर फसवतात. दोन्ही शेजारी ठेव. मी माझा हाताने ओळखते, मग त्यावर ठिपका लावते.”

तिने पर्समधून रुमाल काढला. टायपिंग क्लासात सर बोटांवर रुमाल टाकायचे, कळांकडे बघू नये म्हणून. ती पाठ फिरवून उभी राहिली. राकेशने लॅपटॉपांच्या जागा एकदा बदलल्या, पुन्हा बदलल्या. मग तिने डोळे मिटले. मनवाने तिच्या हातांवर रुमाल टाकला. एकावर एक ओळ, दुसऱ्यावर एक ओळ.

“हा,” आत्या म्हणाली. “हा नवा. कळा बघ कशा उठतात.”

राकेशने मनवाकडे पाहिलं. “ताई, हा डिस्प्लेचा आहे.”

“खोटं.”

त्याने लॅपटॉप उचलून खालचं दुकानाचं स्टिकर दाखवलं. आत्याने ते वाचलं. दोन्ही पडद्यांवर गळालेल्या काना-मात्रांच्या ओळी होत्या.

मग आत्याने उजव्या हाताचं एकच बोट पुढे केलं. डिस्प्लेच्या लॅपटॉपवर डावीकडच्या कळा ती एकेक करून दाबू लागली. काना आला. मात्रा आली. वेलांटी आली. सगळी आली, हलक्या स्पर्शालाही आली. नव्यावरही तेच. शेवटी तिने डावं मधलं बोट कान्याच्या कळेवर ठेवलं आणि दाबलं. बोट तिथेच राहिलं, कळ खाली गेलीच नाही. पडद्यावर काही उमटलं नाही.

त्या बोटाकडे ती बघत राहिली, दुरुस्तीवाल्याकडे बघायची तशी.

“आत्या, डॉक्टरांना दाखवू,” मनवा हळूच म्हणाली. “प्रकाशकांशी मी बोलते.”

“पाणी देऊ, ताई?” राकेशने विचारलं.

आत्याने रुमालाची घडी उजव्या हाताने घातली, डावा हात पदराखाली घेतला, आणि ती दुकानाबाहेर पडली.