फाटके हातमोजे

माझ्या इंग्रजी शाळेची फी बाबांच्या कंपनीचे मालक भरायचे. बाबा जळगावकडून तारापूरला आलेले, त्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. त्यामुळे पदवीनंतर मी तिथल्याच ऑफिसात बसले, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मी कमी बोलते, हेही मालकांना आवडायचं.

एका दुपारी ठेक्यावरच्या एका कामगाराचा उजवा हात ॲसिडनं भाजला. जव्हारकडच्या डोंगरातून भातकापणी आटोपून दरवर्षी यायचा, सालवडला खोलीत राहायचा. वय बाबांएवढं. भरपाईसाठी त्याची जबानी इंग्रजीत हवी होती. तो सांगत गेला, मी आधी मराठीत उतरवून घेतलं. हातमोजे फाटके होते. दोनदा मागितले. मिळाले नाहीत.

मालकांनी कागद वाचला. रागावले नाहीत, माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, ही माणसं घाम येतो म्हणून मोजे काढून ठेवतात आणि मग बोट आपल्याकडे दाखवतात. त्यांनी स्वतः केमिकलच्या एका पिंपावर धंदा सुरू केला होता. कष्ट करणारा वर येतोच, हवं तर बाबांना विचार. कंपनीवर बालंट आलं तर किती घरं बसतील, याचाही विचार कर.

"इंग्रजीत नीट बसव. तू घरचीच आहेस."

हातमोजे दिलेले असूनही त्याने घातले नव्हते, असं मी लिहिलं. शाळेत त्या वाक्याला पूर्ण गुण मिळाले असते.

अंगठ्याआधी जबानी त्याला वाचून दाखवायची होती. इंग्रजी कागद समोर धरून मी त्यानं सांगितलेलं मराठीच त्याला ऐकवलं. फाटके मोजे, दोनदा मागणी, सगळं. तो मान हलवत होता.

"बरोबर हाय. तुमी लिवलंय ना ताई, मग आमाला काय भ्याव नाय."

उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. डावा अंगठा मीच धरून शाईवर टेकवला.

दोन महिन्यांनी पालघरच्या कामगार कार्यालयातून उत्तर आलं. चूक कामगाराची, भरपाई नाही. तो ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. बोटं आखडून गेली होती, पत्र डाव्या हातात. आवाज चढवला नाही. उलट मलाच सांभाळून घेत म्हणाला, "त्यांना तुमचं इंग्रजी समजलं नसंल, ताई. परत एकदा लिवा."

साहेबांना विचारते, मी म्हणाले. मालकांच्या केबिनचं दार उघडंच होतं. मी उठले नाही. तो बाकावर बसून राहिला, सुट्टी होईपर्यंत.