कलिंगाच्या आधीचा दरबार

मेश्राम सरांना मी प्रथम ऐकलं ते लखनऊला निशातगंजमधल्या एका छोट्या सभागृहात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात. श्रीलंकेत गेलेली आपली फौज त्याच वर्षी परतली होती. माझे यजमान हवालदार होते. ते परतले नव्हते.

सर म्हणाले, "कलिंगानंतरच्या पश्चात्तापाबद्दल आपण दरवर्षी ऐकतो. आज त्याच्या आधीच्या दरबाराबद्दल बोलू. युद्ध करायचं, हे तिथे कसं ठरलं असेल?"

मला राहवलं नाही. मी उभी राहून विचारलं, "आणि आमच्या माणसांना श्रीलंकेत पाठवायचं कसं ठरलं, ते सांगा की!"

सभागृहात चुळबुळ झाली. सर शांतपणे म्हणाले, "ताई, मला ते पुरतं माहीत नाही. शोधायचं असेल तर रविवारी घरी या."

मला रागच आला. एवढा शिकलेला माणूस आणि माहीत नाही म्हणतो! तरीही रविवारी गेले.

सर मूळचे नागपूरकडचे. लखनऊच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. सरकार युद्धाच्या निर्णयापर्यंत कसं पोचतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांच्या मते मंत्र्यांच्या बैठकीत निर्णयावर फक्त शिक्का बसतो. प्रचारातली भाषणं, दिलेले शब्द, मागे हटलो तर लोक काय म्हणतील ही धास्ती, यांनी परतीच्या वाटा आधीच बंद केलेल्या असतात. ही चिकित्सा त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की सब्जी महागली तरी ते विचारणार, "भैया, यह तय किसने किया?" भैया म्हणणार, "मंडी ने, बाबूजी." त्यावर सरांचं ठरलेलं, "मंडी में किसने?" मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांचा जीव मेटाकुटीला येतो.

त्यांच्याच आग्रहाने मी शहराबाहेर चिनहटच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून एम. ए.ला बसले. त्यासाठी लिहिलेल्या प्रबंधिकेत मी फौज श्रीलंकेत पाठवल्याचा सगळा दोष एका नेत्याच्या माथी मारला. सरांनी ती परत केली. मी चिडले आणि जाणंच सोडलं.

ऐन उन्हाळ्यात सत्तरीतले सर टेम्पोने चिनहटला माझ्या घरी आले. घामाने निथळत होते. पाणी पिऊन म्हणाले, "एकावर खापर फोडलंत की बाकीचे सगळे सुटले, ताई. ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते, ज्यांना धोका दिसत होता पण गप्प बसले ते. हे सगळे त्या निर्णयात होते."

"मग मीही होते," मी म्हणाले. "मीही त्यांना हसत निरोप दिला होता. जाऊ नका म्हटलं नाही."

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. सरांनी चष्मा काढला.

"नाही," ते म्हणाले. "तुम्हाला कुणी विचारलंच कुठे होतं?"

माझी लेक सुजाता दारात उभी होती. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीच. तिने विचारलं, "अंकल, पापा को किसने भेजा था?"

लहान मुलीला काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. सरांनी तिला जवळ बसवलं. "बहुत लोगों ने, बेटा. और तुम्हारी मम्मी से किसी ने नहीं पूछा."

सुजाता माझ्याकडे बघत राहिली आणि मग येऊन मला बिलगली. त्या दिवसापासून ती माझ्याशी वडिलांबद्दल बोलू लागली. सरांनी मला पदवी मिळवून दिली, नंतर अध्यापनाची वाटही दाखवली. पण माझ्या घरात हे बोलणं सुरू झालं, ते ऋण मला सर्वांत मोठं वाटतं.

सरांची पंचाहत्तरी साजरी होत असताना सीमेवरून पुन्हा वाईट बातम्या येत आहेत. इथल्या लष्करी छावणीतल्या मराठी घरांतून फोनजवळ बसून राहिलेल्या बायका मी पाहते. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हे मागणं आम्हा शिष्यांचं आहेच. पण ज्या घरातल्या माणसाला कुठे पाठवायचं हे अजून ठरलेलं नाही, त्या घरासाठीही मी सरांचं आयुष्य मागते आहे; ठरण्याआधीच 'हे कोण ठरवतंय?' असं विचारणारा माणूस हवा.